पाहुणा, पाणी आणि परिपत्रक

कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमावरचे नृसिंहवाडी, म्हणजे पंचक्रोशीच्या बोलण्यातली नरसोबाची वाडी किंवा नुसतीच वाडी, हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील गाव दत्तसंप्रदायाचे, म्हणजे श्रीदत्तात्रेयांना आराध्य मानून श्रीपाद श्रीवल्लभ आणि श्रीनृसिंह सरस्वती यांच्या ठायी त्यांचा अवतार पाहणाऱ्या परंपरेचे, एक प्रमुख स्थान असून, गावाचे अर्थकारण आणि दिनक्रम ही दोन्ही पाहुण्यांच्या येण्यावर बेतलेली आहेत. नृसिंह सरस्वतींनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले आणि गाणगापूरला निघताना आपल्या पादुका मागे ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. ज्याचा मुक्काम बारा वर्षे लांबला आणि तरीही ज्याच्या जाण्याची हळहळ गावाला आजतागायत वाटते, असा दुसरा पाहुणा महाराष्ट्राच्या कौटुंबिक वा सामाजिक इतिहासात सापडणे कठीण आहे. देवळाला शिखर नाही, कारण विजापूरच्या आदिलशहाने मुलीची दृष्टी परत आल्याच्या कृतज्ञतेपोटी ते बांधले, असे परंपरा सांगते. तेव्हा वाडीच्या पाहुण्यांच्या यादीत सुलतानाचीही वर्णी लागते. आलेला माणूस कोण, कुठला आणि कोणत्या धर्माचा, ही चौकशी करण्याआधी त्याला चप्पल कुठे काढायची ते सांगावे, हा या गावाचा जुना शिष्टाचार आहे.

अशा गावातील प्राथमिक शाळेत सुरक्षेचा धडा दिला जाऊ लागला की एक तात्त्विक अडचण उभी राहते. सुरक्षेचा धडा म्हणजे आग, भूकंप, पूर, वीज, वाहने, साप आणि अनोळखी माणूस यांच्यापासून स्वतःचा बचाव कसा करावा, हे मुलांना सांगण्याचा परिपत्रकाने नेमून दिलेला उपक्रम. हे परिपत्रक ज्या टेबलावर लिहिले जाते तेथून संगम दिसत नसल्यामुळे, त्याची दोन मुख्य सूत्रे राज्यभर एकसारखी असतात : अनोळखी माणसापासून लांब राहावे, आणि पुराच्या पाण्याजवळ जाऊ नये. वाडीत अनोळखी माणसाच्या येण्यावर चूल पेटते आणि पुराचे पाणी देवळात शिरले की आजूबाजूच्या जिल्ह्यांतले लोक त्यात स्नान करायला धावत येतात. सातआठ वर्षांच्या मुलाने सकाळी शाळेत जे ऐकले आणि संध्याकाळी घाटावर जे पाहिले, त्यांचा मेळ घालण्याचे काम मात्र कोणत्याही परिपत्रकाने कोणावरही सोपवलेले नाही, त्यामुळे ते मुलावरच येऊन पडते, आणि ते मूल ते काम बऱ्यापैकी पार पाडते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शाळेच्या स्वरूपाविषयी येथे थोडा खुलासा आवश्यक आहे, कारण गाव तीर्थाचे म्हणून शाळाही तशीच असेल असा समज परगावी सहज होतो. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार, पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि जिल्हा परिषदेची शाळा या व्याख्येत नेमकी बसते. तिच्या पटावर गावातील सर्व घरांची मुले असतात. तरीही कोल्हापूर जिल्हा परिषदेच्या शाळांना ‘विद्या मंदिर’, ‘कुमार विद्या मंदिर’, ‘कन्या विद्या मंदिर’ अशी नावे देण्याची प्रथा असल्यामुळे, दर्शनाच्या घाईत फलकाचा उत्तरार्धच वाचणाऱ्या यात्रेकरूने अशा शाळेच्या फाटकाशी हात जोडले तर त्यात त्याचा दोष फारसा नाही. ज्यांना अधिकृत हिंदू प्राथमिक शाळा पाहायची असेल त्यांना वाडीला येऊन उपयोग नाही. त्यांनी लंडनच्या हॅरो भागात जावे. तेथे २००८ साली कृष्ण अवंती ही ब्रिटनमधील सरकारी निधीवर चालणारी पहिली हिंदू शाळा सुरू झाली. म्हणजे ज्या देशात देवळे मोजकी आहेत तेथे हिंदू शाळा सरकारी खर्चाने चालते, आणि ज्या गावात काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचा दिवस देवाच्या वेळापत्रकाने चालतो तेथील शाळा कायद्याने निधर्मी आहे. या व्यवस्थेत दोन्हीकडच्या सरकारांना काही विचित्र वाटत नाही, यावरून सरकार नावाच्या संस्थेची प्रकृती किती निकोप असते ते कळते.

ब्रिटनमधील शाळांत बाहेरचा माणूस आला की त्याने दारातल्या नोंदवहीत सही करावी, ओळखीचा बिल्ला गळ्यात अडकवावा आणि शाळेच्या माणसाच्या सोबतीनेच आत फिरावे, अशी सर्वसाधारण रीत आहे. मग तो पाहुणा अग्निशमन दलाचा अधिकारी असो की गोष्टी सांगायला आलेली आजी. मराठी शाळेतही पाहुण्याच्या गळ्यात काही तरी घातले जातेच. ते फुलांचे असते. त्यापाठोपाठ शाल आणि नारळ येतात, स्वागतगीत होते, आणि पाहुणा नक्की कशासाठी आला आहे हा प्रश्न, विचारलाच गेला तर, चहाबरोबर विचारला जातो. ज्या पाहुण्याला नारळ देऊन झाला त्याच्याकडे ओळखपत्र मागणे हे कोल्हापूरच्या बाजूला अशिष्टपणाचे मानले जाते, आणि ओळखपत्र आधी मागून नारळ नंतर द्यावा, ही सूचना अजून कोणत्या परिपत्रकात आलेली दिसत नाही.

प्राथमिक शाळेला भेट देणाऱ्यांचे वर्गीकरण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दहाबारा शाळांच्या समूहावर देखरेख करणारे केंद्रप्रमुख हे त्यातले घरचे पाहुणे. त्यांच्यासाठी घंटा वाजत नाही, फार तर खुर्ची पुसली जाते. विस्तार अधिकारी आले तर फळ्यावर तारीख आणि सुविचार ताजे होतात. गटशिक्षणाधिकारी येणार असल्याची कुणकुण लागली तर पटसंख्या आणि उपस्थिती यांच्यात एरवी असलेला दुरावा मिटतो. त्याशिवाय आरोग्य तपासणीचे पथक, शालेय पोषण आहाराची चव पाहणारे शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, मुलांनी बिनधास्त बोलावे म्हणून ‘काका’ किंवा ‘दीदी’ या नात्याने आलेले पोलीस, आणि पंधरा ऑगस्टला न चुकता येणारे देणगीदार असतात. या सर्वांच्या येण्याची खूण म्हणजे शेरेबुक, अर्थात भेट देणाऱ्याने आपले मत लिहून सही करावी म्हणून ठेवलेली वही. शेरेबुकाची भाषा अतिशय स्थिर आहे. ‘शाळेस भेट दिली. परिसर स्वच्छ आढळला. विद्यार्थ्यांशी संवाद साधला. समाधान वाटले.’ या चार वाक्यांत राज्याच्या प्राथमिक शिक्षणाचा बराचसा लेखी इतिहास मावतो, आणि ज्याला समाधान वाटले नाही असा पाहुणा शोधण्यासाठी बरीच पाने उलटावी लागतात.

सुरक्षेच्या धड्याला अलीकडे वारही मिळाला आहे. २०२४ साली राज्याने प्राथमिक शाळांसाठी ‘आनंददायी शनिवार’ नावाचा उपक्रम आणला, ज्यात शनिवारी प्राणायाम, आपत्ती व्यवस्थापन, रस्ता सुरक्षा अशा गोष्टी कृतीतून शिकवाव्यात अशी अपेक्षा आहे. वाडीपुरते पाहिले तर ही निवड अचूक म्हणावी लागेल, कारण शनिवार हा वाडीला दर्शनाच्या गर्दीचा वार. वर्गात रस्ता ओलांडण्यापूर्वी उजवीकडे-डावीकडे पाहावे असे सांगितले जात असताना बाहेर कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि पुण्याच्या पाट्या लावलेली वाहने दोन्ही बाजूंनी, आणि एखादे अतिश्रद्ध वाहन मागे घेत घेत तिसऱ्या बाजूनेही, येत असते. सकाळची शाळा सुटते तेव्हा मुलांना जे प्रात्यक्षिक मिळते त्याची बरोबरी कोणताही तक्ता करू शकणार नाही.

अनोळखी माणसाचा धडा मात्र वर्गातच अडतो. तक्त्यावर काळा चष्मा घातलेला एक माणूस मोटारीच्या खिडकीतून गोळ्यांचे पाकीट पुढे करत असतो आणि खाली लिहिलेले असते की अनोळखी व्यक्तीने दिलेला खाऊ घेऊ नये. बाई हे वाक्य सर्वांकडून एका सुरात म्हणवून घेतात. एवढ्यात मधल्या रांगेतला एखादा हात वर होतो आणि प्रश्न येतो, ‘‘बाई, पण परसाद असंल तर?’’ हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. वाडीच्या मुलाला देवळापासून एसटी स्थानकापर्यंतच्या वाटेवर खडीसाखर, नारळाचा तुकडा, पेढा किंवा कवठाच्या बर्फीची वडी जो देतो, तो जवळजवळ प्रत्येक वेळी पूर्णपणे अनोळखी माणूस असतो. त्याचा नवस फिटलेला असतो, त्याच्या हातात वाटून संपवायचा पुडा असतो, त्याला परतीची गाडी गाठायची असते, आणि समोर दिसेल त्या पोराच्या तळहातावर काही ठेवल्याखेरीज त्याचे पुण्य पुरे होत नसते. प्रसाद नाकारू नये, हे मुलाला आजीने सांगितलेले असते; खाऊ नाकारावा, हे बाईंनी. वडी तीच, माणूसही तोच, आणि आजी शाळेत येत नाही.

बाईंची यावरची पहिली तोड अशी की प्रसाद घ्यावा, पण तेथे न खाता घरी नेऊन आईला दाखवावा. शासकीय दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे. वितळत्या पेढ्याच्या दृष्टीने ते अव्यवहार्य आहे. मुलांनी आपसांत काढलेली तोड अधिक लक्ष देण्याजोगी आहे, आणि ती त्यांना कोणी शिकवलेली नसते : जो सगळ्यांना देतो तो प्रसाद, जो एकट्याला बाजूला बोलावून देतो तो खाऊ. प्रसाद देणारा स्वतः चालत येतो, उघड्यावर देतो, समोरच्या म्हातारीलाही देतो, नाव विचारत नाही आणि दिल्यावर थांबत नाही. खाऊ देणारा थांबतो. माणसाची ओळख आहे की नाही यावर धोका ठरवणाऱ्या तक्त्यापेक्षा माणसाच्या वागण्यावरून तो ठरवणारी ही कसोटी बारकाईची आहे, कारण मुलांवर अत्याचार करणारे बहुतेक वेळा ओळखीचेच असतात, ही गोष्ट आता बालसुरक्षेच्या क्षेत्रात सर्वमान्य झालेली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा ‘पॉक्सो’ कायदा २०१२ साली झाला, शाळाशाळांतून ‘सखी सावित्री समिती’ नेमण्याचा निर्णय २०२२ साली निघाला आणि बदलापूरच्या शाळेतील मुलींवरील अत्याचाराच्या २०२४ मधील घटनेनंतर कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि तक्रारपेटी यांविषयीचे आदेश कडक झाले; तक्त्यावरचा काळा चष्मेवाला मात्र या सर्व काळात गाडीतून उतरलेला नाही.

तक्रारपेटीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेटीत चिठ्ठी टाकताना नाव लिहू नये, असे मुलांना बजावलेले असते. परंतु रोज ज्या बाई शुद्धलेखनाच्या वह्या तपासतात त्याच पेटीजवळ असल्या तर चिठ्ठीखाली नाव लिहिणे ही केवळ औपचारिकता उरते, विशेषतः ‘खिचडीत’ या शब्दातली पहिली वेलांटी ज्याची वर्षभर चुकत आली आहे त्याच्या बाबतीत. मुलांना १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांकही पाठ असतो, आणि तो म्हणून दाखवताना ते त्याला पाढ्याचाच सूर लावतात.

वाट विचारणाऱ्याविषयीची सूचनाही अशीच गावात येऊन वाकते. मोटारीतल्या माणसाने पत्ता विचारला तर जवळ जाऊ नये, असे धडा सांगतो. वाडीत मोटारीतला माणूस पत्ता विचारण्यासाठीच आलेला असतो, कारण देऊळ खाली घाटावर असून वरच्या गल्लीतून ते दिसत नाही. मुलांनी यावर काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. मूल जागचे हलत नाही, दोन हात लांबच उभे राहते, उजवा हात खांद्यापासून ताठ लांब करते आणि मोटारीपलीकडच्या दुकानदारालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, ‘‘पावनं, गाडी हितंच लावा. फुडं जात न्हाई. चालत सरळ खाली जावा, घाट लागतोय.’’ पाहुण्याचा मान राखला गेला, अंतर राखले गेले आणि गल्लीला साक्षीदारही मिळाले. स्वसंरक्षणाच्या कोणत्याही शिबिरात यापेक्षा जास्त काही शिकवत असतील तर ते या वयाला झेपणारे नसावे.

पाण्याचा विषय अधिक गहन आहे, शब्दशः आणि अन्यथाही. वाडीच्या पुराचे प्रमुख सूत्र असे की एका बाजूने कृष्णा येते, जिला कऱ्हाडला कोयना मिळालेली असते, आणि दुसऱ्या बाजूने पंचगंगा येते, जिच्यात राधानगरी धरणाखालून वाहणाऱ्या भोगावतीचे पाणी असते. दोघी एकदम भरल्या की एकीने दुसरीला तटवायचे आणि दोघींनी मिळून गावात शिरायचे, असा प्रकार होतो. पावसाळ्यात वाडीच्या मुलांच्या बोलण्यात ‘क्युसेक’ हा शब्द सहज येतो. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर पाण्याचा प्रवाह. आणि टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, ज्या मापाने कोयना धरणाची क्षमता १०५ इतकी आहे. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे किती सरकले, आणि खाली कर्नाटकात ५१९.६० मीटरपर्यंत भरणाऱ्या अलमट्टीतून विसर्ग किती चालला आहे, याची चर्चा ज्या कट्ट्यावर चालते त्याच्या कडेला ही मुले उभी असतात. गणिताच्या पुस्तकात दोन नळांनी भरणाऱ्या आणि एका नळाने रिकाम्या होणाऱ्या हौदाचे उदाहरण येते तेव्हा राज्यभरची मुले कंटाळतात. वाडीचे मूल मात्र तिसरा नळ कोणत्या राज्याच्या ताब्यात आहे, हे विचारू शकते.

आता दक्षिणद्वार. पाणी वाढत वाढत देवळात शिरते, उत्तरेकडून येणारा प्रवाह गाभाऱ्यातील पादुकांना स्पर्श करून दक्षिणेकडच्या दरवाजातून बाहेर पडतो, आणि त्या दरवाजाशी त्या पाण्यात स्नान करणे अत्यंत पुण्याचे मानले जाते. या प्रसंगाला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी वाढताना तो झाला तर चढता दक्षिणद्वार आणि ओसरताना झाला तर उतरता दक्षिणद्वार, म्हणजे एकाच पुरात पुण्याची संधी दोनदा मिळू शकते. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. आपत्ती व्यवस्थापनाच्या परिभाषेत याला स्थलांतर म्हणतात, आणि पूररेषेत राहणाऱ्याने वेळ न दवडता सुरक्षित स्थळी जावे हा जो नियम माणसांना वारंवार सांगूनही पटत नाही, तो देव दरवर्षी विनातक्रार पाळतात.

प्रशिक्षक बाहेरगावचा असला आणि त्याने वर्गाला विचारले, ‘‘मुलांनो, पुराचे पाणी वाढायला लागले तर सर्वांत आधी काय करायचे?’’ तर त्याला ‘उंच जागी जायचे’ हे उत्तर अपेक्षित असते. वाडीचा वर्ग हे उत्तर देतो, कारण ते फळ्यावर लिहिलेले असते. पण त्याआधी एखाद्याच्या तोंडून ‘‘दर्शनाला जायचं’’ असे निघून जाते, आणि प्रशिक्षकाला हे उत्तर चूक ठरवावे की नाही ते कळत नाही, कारण त्यालाही दुपारी दर्शनाला जायचे असते. नदीकाठच्या मुलाची पाण्याविषयीची समज नियमापेक्षा निराळ्या जागी असते. काठाशी काडी रोवून पाणी चढते आहे की उतरते आहे ते ओळखणे, पाण्याचा रंग तांबूस झाला की वरच्या अंगाला जोर आहे असे समजणे, भोवऱ्याची जागा लांबून दाखवणे, हे सारे त्याने थोरामोठ्यांकडून उचललेले असते. पाठीला हवाबंद डबा किंवा वाळका भोपळा बांधून पोहायला शिकण्याची या भागातली जुनी रीत आहे, आणि ऊसपट्ट्यात पुराच्या वेळी गुळाची काहील पाण्यात लोटून तीत बसून पलीकडे गेल्याच्याही कथा आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, ज्याची महाराष्ट्रातली तुकडी पुण्याजवळ असते, ते गावोगावच्या प्रात्यक्षिकांत रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि डबे एकत्र बांधून तरंगण्याचे साधन कसे करावे ते दाखवते; वाडीच्या आजोबांना त्यात भोपळ्याच्या जागी बाटली आली एवढाच फरक दिसतो, आणि ते तो बोलूनही दाखवतात.

एवढ्यावरून परिपत्रक निरुपयोगी ठरते असे मात्र नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेकाठी, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटून माणसे बुडाली. नावेत किती जणांनी बसावे, हा प्रश्न नदीकाठच्या पिढीजात शहाणपणानेच सुटतो असे त्यानंतर कोणी म्हणू नये, आणि पाण्याची भीती नसणे ही पोहता न येण्याइतकीच घातक गोष्टही होऊ शकते, हे वाडीच्या मुलाला कोणी तरी बाहेरच्याने येऊन सांगणे गरजेचेच असते.

आगीच्या धड्यावर वाडीत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे २००४ साली शाळेला आग लागून ९४ मुले दगावली, त्या प्रकरणातून २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील अग्निसुरक्षेविषयी आदेश दिले, आणि तेव्हापासून शाळेच्या भिंतीवर तांबडे नळकांडे दिसू लागले. ते मुलांनी खेळू नये म्हणून उंच टांगतात, त्यामुळे बुटक्या बाईंनाही ते काढता येत नाही. पूरपट्ट्यात त्याची आणखी एक गंमत होते : आग विझवण्यासाठी आणलेले हे साधन त्याच्या हयातीत बहुधा एकदाच वापराच्या जवळ येते, ते पाण्याखाली गेल्यावर.

पुरात शाळा एक तर बुडते किंवा निवारा होते. बुडणाऱ्या गावाची माणसे उंचावरच्या गावांतील शाळांत येतात, वर्गात गाद्या पसरल्या जातात, आणि ज्या मुलांना एरवी पाहुण्यांसमोर स्वागतगीत म्हणायचे असते ती स्वतःच परक्या शाळेत पाहुणी होतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत हे मोठ्या प्रमाणावर घडले, आणि त्यापाठोपाठ मदत आली. मदत म्हणजे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मालमोटारी भरून आलेली अनोळखी माणसे, जी मुलांच्या हातात बिस्किटांचे पुडे देत होती, आणि त्या दिवसांत खाऊ नाकारण्याचा धडा कोणी कोणाला आठवून दिला नाही. यातही मुलांची कसोटी टिकली, कारण देणारे सगळ्यांनाच देत होते. शासकीय धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटवल्याबद्दल त्याच वेळी मोठी टीका झाली. ती अन्यायाची होती असे म्हणता येत नसले, तरी सुरक्षेच्या तक्त्याच्या काटेकोर अर्थाने पाहिल्यास देणारा अनोळखी राहू नये एवढी दक्षता त्या पाकिटांनी निश्चितच घेतली होती. दौऱ्यावर आलेल्यांनी बोटीतून स्वतःची हसरी चित्रफीत काढून घेतल्याचेही त्याच पुरात गाजले. पुराच्या वेळी बोटीत बसताना दोन्ही हातांनी काठ धरावा, ही सूचना त्यामुळे किमान एका हातापुरती मोडली.

पाणी ओसरल्यावर गाळ काढला जातो, बाके उन्हात टाकली जातात, वह्यांचे लगदे बाहेर येतात आणि पंचनामे सुरू होतात. पंचनामा करायला येणारा हा पाहुणा इतर पाहुण्यांहून वेगळा, कारण त्याला शाळा जितकी वाईट दिसेल तितके शाळेच्या हिताचे असते, आणि आयुष्यभर परिसर स्वच्छ दाखवण्याची सवय लागलेल्या मुख्याध्यापकांना हे अवघड जाते. साहेब येणार म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप खराट्याकडे वळतो आणि कोणी तरी त्यांना थांबवावे लागते. भिंतीवर मात्र गाळाची एक रेघ राहते. पूरपट्ट्यातील गावांत २००५, २०१९ आणि २०२१ या पुरांच्या अशा रेघा घरोघर दाखवल्या जातात, आणि शाळेच्या भिंतीवर ती असली तर मुले तिला पाठ लावून उभी राहतात, डोक्यावर पाटी आडवी धरतात आणि कोण किती बुडाला असता ते मोजतात. सर्वांत उंच मुलगाही पुरता बुडतो हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती कोणत्याही रंगीत तालमीत, म्हणजे आपत्तीच्या सरावाच्या बनावट प्रसंगात, पसरत नाही. तालमीत बहुतेक मुले हसत असतात.

पुढच्या हंगामाआधी आपत्ती सज्जतेच्या पाहणीसाठी साहेब येणार असल्याचे पत्र येते. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बसते, वर्गणी निघते, भिंतींना खालून वरपर्यंत नवा रंग लागतो आणि त्यावर पूर आल्यास काय करावे याच्या दहा सूचना ठळक अक्षरांत रंगवल्या जातात. साहेब येतात, हार स्वीकारतात, मुलांना सूचना मोठ्याने वाचायला सांगतात, आणि मग सहज विचारतात की गेल्या वेळी पाणी नेमके कुठवर आले होते. मुख्याध्यापक भिंतीकडे पाहतात, समितीचे अध्यक्ष रंगाऱ्याकडे पाहतात, आणि तिसरीतला एक मुलगा बिनचूक पुढे येऊन सातव्या आणि आठव्या सूचनेच्या मध्ये बोट ठेवतो. साहेब त्याचे कौतुक करतात आणि शेरेबुकात लिहितात की शाळेची रंगरंगोटी समाधानकारक असून सूचना ठळक व वाचनीय आहेत.